पडद्याआडचे विद्यार्थी

ग्वाल्हेरच्या गायकीविषयीची एक आख्यायिका जुन्या गवयांच्या बैठकीत हमखास निघत असे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शिंद्यांच्या दरबारी बडे महंमद खाँ या नावाचे एक थोर ख्यालगायक होते. त्यांची तान इतकी अवघड आणि इतकी तेजस्वी की, ती दुसऱ्या कोणाच्या गळ्यात उतरणे शक्य नाही, असे लोक समजत. खाँसाहेब ती कोणाला शिकवीतही नसत. तेव्हा महाराजांनी एक युक्ती योजिली. हस्सू खाँ आणि हद्दू खाँ या आपल्या आश्रयाच्या दोघा तरुण भावांना त्यांनी पडद्याआड बसविले आणि खाँसाहेबांचे गाणे त्यांना दिवसामागून दिवस ऐकविले. पुढे एके दिवशी हे भाऊ भर दरबारात गाऊ लागले, तो महंमद खाँना आपलीच तान परक्या कंठातून ऐकू आली! ते संतप्त झाले आणि दरबार सोडून निघून गेले, असे सांगतात.

आख्यायिकेला आख्यायिकेचेच मोल द्यावे. परंतु त्या काळी विद्येची स्थिती काय होती, ते तिच्यात पुरेपूर उतरले आहे. विद्या ही एका घराची ठेव होती. मुलगा, जावई, पुतण्या यांना ती मिळे. बाहेरच्याला मिळालीच तर वर्षानुवर्षांच्या सेवेनंतर, आणि तीही हातचे राखून. ज्याला घराण्याचा उंबरठा ओलांडता येत नसे, त्याच्या वाट्याला पडदाच यायचा.

आज विद्यार्थ्यासमोर एक निराळा पडदा आला आहे. तो काचेचा आहे, तळहाताएवढा आहे आणि त्याच्याआड कोणी लपून बसत नाही. लष्करातील किंवा मिरजेतील एखादी शाळकरी मुलगी त्यावर बोट ठेवते आणि कालच्या व आजच्या कोणत्याही गवयाचे गाणे तिच्यापुढे उभे राहते. यूट्यूबवर ती यमनची दहा रूपे ऐकते. व्हॉट्सॲपच्या एखाद्या गटात अडलेल्या तानेविषयी प्रश्न विचारते. फेसबुकवर दूरदेशीच्या जाणकारांची चर्चा वाचते. विषय गाण्याचाच असला पाहिजे असे नाही. गणित, वनस्पतिशास्त्र, जर्मन भाषा, कशासाठीही विद्यार्थी असे स्वतःचे जाळे विणू लागले आहेत. कॅनडातील शिक्षणतज्ज्ञ जॉर्ज सीमेन्स यांनी २००५ च्या सुमारास असा विचार मांडला की, ज्ञान हे माणसामाणसांतील आणि साधनांतील जोडण्यांमध्ये वसते, आणि शिकणे म्हणजे अशा जोडण्या निर्माण करणे होय. २००८ मध्ये त्यांनी व स्टीफन डाउन्स यांनी मॅनिटोबा विद्यापीठातर्फे याच विषयावर एक अभ्यासक्रम इंटरनेटवर सर्वांना खुला केला, तेव्हा दोन हजारांहून अधिक लोक त्यात सामील झाले. प्रत्येक विद्यार्थ्याचे असे एक वैयक्तिक अध्ययनजाळे असावे, ही कल्पना तेव्हापासून शिक्षणक्षेत्रात रूढ झाली.

कल्पनेचे नाव नवे आहे; वस्तू मात्र जुनी आहे. अशी जाळी विणणारे विद्यार्थी ग्वाल्हेरने शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच पाहिले होते. त्यांना काय मिळाले आणि त्यासाठी त्यांनी काय मोजले, हे आजच्या विद्यार्थ्याने एकदा समजून घेण्यासारखे आहे.

१८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी आपला तळ दिला. त्या तळाचेच पुढे शहर झाले आणि त्याचे लष्कर हे नाव आजतागायत टिकले. सरदार, कारकून, शास्त्री, वैद्य अशी शेकडो मराठी घरे तेथे वसली. हद्दू खाँ, हस्सू खाँ आणि नत्थू खाँ यांचे गाणे या वस्तीच्या कानावर पडत होते. त्या उस्तादांनीही आपल्या घराबाहेरचे काही शिष्य पत्करले, आणि त्यांत मराठी ब्राह्मण होते, ही त्या काळच्या मानाने लहान गोष्ट नव्हे. वासुदेवबुवा जोशी, धारचे देवजीबुवा, बाबा दीक्षित हे त्यांतले. विष्णुपंत पंडितांच्या घराण्याशी तर उस्तादांचा एवढा जिव्हाळा जडला की, नत्थू खाँचे वारस निसार हुसेन खाँ पुढे पंडितांच्याच घरी राहिले. मुसलमान उस्ताद आणि मराठी ब्राह्मण कुटुंब एका छपराखाली राहत आहेत, आणि त्या घरात पहाटेपासून तंबोरा वाजतो आहे, हे दृश्य लष्कराने पाहिले आहे.

दक्षिणेतील मुलांना या गोष्टीचा सुगावा लागला. त्यांच्यापाशी ना पैसा होता, ना ओळखपत्र. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांचा जन्म १८४९ चा, मिरजेजवळच्या बेडग गावचा. गाण्याच्या ओढीने घर सोडून ते भटकत राहिले. धारला देवजीबुवांकडे शिकले, तेथून ग्वाल्हेरच्या वासुदेवबुवा जोश्यांच्या पायाशी गेले. सावंतवाडीकडचे रामकृष्णबुवा वझे यांचा जन्म १८७१ चा. तेही असेच कोवळ्या वयात बाहेर पडले, आणि हालअपेष्टा सोशीत ग्वाल्हेरला निसार हुसेन खाँपाशी पोहोचले. अशा मुलांचा दिनक्रम ठरलेला असे. गुरुगृही पाणी भरणे, झाडलोट करणे, बाजारहाट करणे. दुपारी चार घरी माधुकरी मागणे. आणि उरलेल्या वेळात, गुरूची लहर लागेल तेव्हा, तालीम. कित्येक दिवस तालीम मुळीच मिळत नसे. तेव्हा गुरू दुसऱ्याला शिकवीत असताना ऐकायचे, मैफलीत मागे तंबोरा धरून बसायचे, आणि बरोबरीच्या शिष्याला एखादी चीज देऊन त्याच्याकडून दुसरी घ्यायची.

म्हणजे या विद्यार्थ्याचे जाळे केवळ गुरूचे बनलेले नसे. त्याला जेवू घालणाऱ्या गृहिणी त्यात होत्या, गावोगावच्या देवळांतले पुजारी होते, वाटेत भेटणारे कीर्तनकार आणि सारंगिये होते, आणि बरोबरीचे शिष्यही होते. या प्रत्येकाकडून त्याला काही मिळे. मात्र प्रत्येक वेळी त्याला स्वतः उठून त्या माणसाच्या दारात जावे लागे. दार उघडलेच पाहिजे असा नियम नव्हता. मिळालेली एकेक चीज म्हणूनच त्याला पुढे जन्मभर विसरता येत नसे.

या पद्धतीचे गोडवे गाताना तिने किती विद्या गिळली हेही सांगितले पाहिजे. चीज फक्त गळ्यात राहत असल्यामुळे गळ्याबरोबरच ती जाई. उस्ताद निपुत्रिक वारला, किंवा शिष्यावर रुष्ट झाला, की पिढ्यांचे संचित नाहीसे होई. स्त्रिया, गरीब गृहस्थ, आणि ज्यांना गवई व्हायचे नाही पण गाणे समजून घ्यायचे आहे असे लोक यांना तर या जाळ्यात जागाच नव्हती.

ही कोंडी फुटण्यास सुरुवात झाली ती ग्वाल्हेरहून परतलेल्या विद्यार्थ्यांकडूनच. बाळकृष्णबुवांनी मुंबईत गायनसमाज काढला आणि ‘संगीत दर्पण’ नावाचे मासिकही चालविले. जी विद्या त्यांनी पाणी भरून मिळविली, ती छापील पानावर ठेवण्याचे धाडस त्यांना झाले. पुढे मिरज आणि इचलकरंजी येथे त्यांनी मोठा शिष्यवर्ग तयार केला. त्या शिष्यांतले विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ मध्ये थेट लाहोरला गांधर्व महाविद्यालय उघडले. फटाक्याने दृष्टी अधू झालेला कुरुंदवाडचा हा तरुण कोणा संस्थानिकाच्या आश्रयावाचून सार्वजनिक शाळा चालवितो, तीत कुलवान घरच्या मुली गाणे शिकतात, ठराविक वेळी वर्ग भरतो आणि पुस्तकातून पाठ दिला जातो, याचे त्या काळच्या लोकांना मोठेच नवल वाटले. ग्वाल्हेरचे गाणे ग्वाल्हेरहून मिरजेला, मिरजेहून लाहोरला आणि १९०८ मध्ये मुंबईला असे फिरत गेले.

परंतु स्वतःसाठी जाळे विणणाऱ्या विद्यार्थ्याचा खरा नमुना पाहावयाचा तर तो विष्णु नारायण भातखंडे यांच्यात पाहावा. ते गवयी घराण्यातले नव्हते. १८६० मध्ये वाळकेश्वरी जन्मलेले, बी. ए., एल्‌एल्‌. बी. झालेले, वकिली करणारे हे गृहस्थ. मुंबईत पारशी मंडळींनी चालविलेल्या गायन उत्तेजक मंडळीत ते १८८४ मध्ये दाखल झाले. तेथे रावजीबुवा बेलबागकरांकडून त्यांनी शेकडो ध्रुपदे घेतली, अली हुसेन आणि विलायत हुसेन यांच्याकडून ख्याल घेतले. मग त्यांना प्रश्न पडू लागले. एकच राग दोन उस्ताद दोन तऱ्हांनी का गातात? ग्रंथातले नियम आणि गळ्यातले गाणे यांचा मेळ कोठे आहे? याची उत्तरे एका गुरूपाशी नव्हती, म्हणून त्यांनी अनेकांना गाठण्याचे ठरविले.

१९०४ मध्ये ते दक्षिणेत गेले. मद्रास, तंजावर, मदुरा, रामेश्वर असा त्यांचा प्रवास झाला. एट्टयपुरम येथे सुब्बराम दीक्षितरांची भेट झाली, आणि व्यंकटमखीच्या ‘चतुर्दण्डिप्रकाशिका’ या ग्रंथाची हस्तलिखित प्रत त्यांच्या हाती आली. १९०७ मध्ये नागपूर, कलकत्ता, जगन्नाथपुरी, हैदराबाद झाले. १९०८ मध्ये अलाहाबाद, काशी, लखनौ, आग्रा, दिल्ली, जयपूर, उदेपूर. प्रश्नांची यादी खिशात, रोजनिशी हातात, अशी ही यात्रा होती. कोणी आदराने बोलत, कोणी उडवून लावीत, कोणी चुकीचे सांगून वाट चुकवीत. ते सर्वांचे ऐकून घेत, टिपून ठेवीत आणि एकाचे म्हणणे दुसऱ्याच्या म्हणण्यावर घासून पाहत. रामपूरला जाऊन तेथील नवाबांचे शिष्यत्व पत्करण्यासही या पन्नाशीतल्या विद्वानाला कमीपणा वाटला नाही.

या साऱ्या खटाटोपातून जे निघाले, ते त्यांनी स्वतःपाशी ठेवले नाही. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ हा त्यांचा मोठा ग्रंथ मराठीत आहे, आणि तो गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपाने लिहिलेला आहे. विद्यार्थी विचारतो, गुरू सांगतो, विद्यार्थी पुन्हा शंका काढतो. ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत दीड हजारांहून अधिक चिजा स्वरलिपीसह छापल्या गेल्या. १९१६ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने बडोद्यास अखिल भारतीय संगीत परिषद भरली. एकमेकांच्या चिजा लपविणारे उस्ताद आणि पोथ्या उलगडणारे पंडित तेथे एका मांडवाखाली बसले.

आणि मग जाळ्याचा धागा पुन्हा ग्वाल्हेरास आला. माधवराव शिंदे महाराजांनी भातखंड्यांची पद्धत आपल्या राज्यात आणण्याचे ठरविले, आणि १९१७ मध्ये ग्वाल्हेरचे सात गायक तिच्या अभ्यासासाठी मुंबईस पाठविले. प्रसंग विलक्षण होता. ज्या नगरीत शिकण्यासाठी सारा महाराष्ट्र पायी गेला, त्या नगरीचे तयार गवई एका वकिलाच्या पुढ्यात वही-पेन्सिल घेऊन बसले. त्यांतले राजाभैया पूंछवाले हे शंकरराव पंडितांचे शिष्य, म्हणजे अस्सल परंपरेतले. गळ्यात जे होते ते कागदावर कसे उतरवावे, हे ते शिकून आले. १९१८ च्या जानेवारीत माधव संगीत महाविद्यालय उघडले. राजाभैयांनी तेथे पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी शिकविले, पुढे प्राचार्यपद भूषविले, ‘तानमालिका’ लिहिली. १९५६ मध्ये संगीत नाटक अकादमीने त्यांचा गौरव केला आणि त्याच वर्षी ते निवर्तले.

याच शहरात शंकरराव पंडितांचे पुत्र कृष्णराव यांनी त्याआधीच, १९१४ मध्ये, एक गांधर्व महाविद्यालय काढले होते व पुढे त्याला वडिलांचे नाव दिले. त्यांनीही पाठ्यपुस्तके लिहिली. मात्र त्यांच्या शाळेचा कणा घरची तालीम हाच होता. स्वरलिपीने गाण्याचा सांगाडा तेवढा मिळतो, प्राण मुखातूनच मिळतो, असा आक्षेप त्या काळी जाणकार घेत. आणि स्वरलिपी नसेल तर सांगाडाही उरणार नाही, असे उत्तर दुसऱ्या बाजूने येई. इतिहासाने दोघांनाही खरे ठरविले. छापील चिजा टिकल्या. आणि केवळ छापील चिजांवर मोठा गवई कोणी झाला नाही. खुद्द भातखंड्यांचे पट्टशिष्य श्रीकृष्ण रातंजनकर हे अंतुबुवा जोशी आणि फैयाज खाँ यांच्यापुढे बसूनच गवई झाले.

हा वाद संपला नव्हता तोच तबकडी आली. तिच्यातून तीन-चार मिनिटांचे गाणे घरोघर पोहोचले. मागोमाग नभोवाणी आली, आणि १९५२ पासून तिच्या राष्ट्रीय संगीत कार्यक्रमामुळे खेड्यातल्या मुलालाही शनिवारी रात्री थोरांचे गाणे ऐकता येऊ लागले. प्रत्येक साधनाने पडदा थोडा वर सरकविला. आजच्या समाजमाध्यमांनी तो पुरताच दूर केला, असे वाटणे साहजिक आहे.

परंतु एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे. पडद्याआड बसलेल्या हस्सू-हद्दूंना खाँसाहेब ऐकू येत होते. खाँसाहेबांना मात्र ते ऐकू येत नव्हते. त्यांची चूक त्यांना कोणी सांगितली नाही, कोठे थांबावे हेही नाही. पुढे त्या अवघड तानेपायीच हस्सू खाँचा अंत झाला, असे त्याच आख्यायिकेचे शेवटचे पान सांगते. वासुदेवबुवांनी बाळकृष्णबुवांना जे दिले ते केवळ ऐकविले नव्हते. शिष्याचे ऐकून घेतले होते, अडविले होते, तोच स्वर शंभर वेळा लावून घेतला होता. शिक्षणात विद्यार्थी ऐकतो ही अर्धी गोष्ट. विद्यार्थ्याला कोणी ऐकतो ही उरलेली अर्धी.

काचेचा पडदा यापैकी पहिली गोष्ट अमाप देतो, दुसरी आपोआप देत नाही. तो वाहवा देतो, पसंतीचे अंगठे देतो. परंतु पंचम उतरलेला आहे, हे अंगठा सांगत नाही. २०२० च्या टाळेबंदीत गाण्याच्या शिक्षकांना याचा अनुभव आला. दूरच्या विद्यार्थ्याचा आवाज क्षणभर उशिरा पोहोचतो, त्यामुळे गुरुशिष्यांना एकत्र गाता येत नाही. आणि तंबोऱ्याचा अखंड नाद हा गोंगाट समजून यंत्र तो गाळूनही टाकते! तरी त्याच काळात दुसरी एक रीत रुजली. विद्यार्थ्याने आपले गाणे ध्वनिमुद्रित करून पाठवावे, गुरूने सवडीने ऐकून ‘या जागी थांब, पुन्हा लाव’ असे बोलून कळवावे. हे थेट भातखंड्यांच्या रोजनिशीच्या वळणाचे शिक्षण आहे. येथे माध्यम तेच, पण विद्यार्थी पडद्याआडून पुढे आला.

तेव्हा जाळे विणू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला ग्वाल्हेरचा इतिहास काय सांगतो? प्रश्न बरोबर घेऊन निघावे. निव्वळ ऐकत हिंडणाऱ्याला दहा उस्तादांच्या दहा तऱ्हा म्हणजे गोंधळच वाटेल. एकाचे सांगणे दुसऱ्यावर घासून पाहावे, कारण भातखंड्यांना जशी वाट चुकविणारी माणसे भेटली तशी या जाळ्यातही भेटतात, आणि ती अधिक गोड बोलतात. कोणाकडून घेतले त्याचे नाव सांगावे. आपली चूक ऐकून घेणारा एक तरी माणूस या शेकडो ओळखींत असावा. आणि मिळालेले पुढे द्यावे. बाळकृष्णबुवांनी ते मिरजेस दिले नसते, तर लाहोरला शाळा निघाली नसती.

शिक्षकांनाही त्यात एक बोध आहे. मुलांच्या हातचे यंत्र काढून घेतल्याने विद्या परत गुरूच्या तिजोरीत जाणार नाही. ती तिजोरी फुटून शतक लोटले. आता शिक्षकाचे काम पहारेकऱ्याचे उरले नसून, ऐकणाऱ्याचे आहे. मुलाने कोठून काय आणले ते पाहावे, म्हणून दाखव म्हणावे, आणि चुकले तेथे थांबवावे.

२०२३ मध्ये युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीताचे सर्जनशील शहर म्हणून मान दिला. दर डिसेंबरात तानसेनाच्या समाधीपाशी समारोह भरतो आणि आता त्याचे गाणे दूरवरच्या मुलांनाही घरबसल्या ऐकता येते. त्यांतल्याच एखाद्या मुलाने ऐकणे संपल्यावर यंत्र बाजूला ठेवावे, तंबोरा जुळवावा आणि आपल्या गुरुजींचे दार ठोठावावे. ज्या मार्गाने बाळकृष्णबुवा गेले, त्या मार्गाचे ते शेवटचे पाऊल आहे; आणि ते मात्र आजही पायीच टाकावे लागते.